रंगवलेली कडी

पहाटे पाचला मी सँडल वाटायला बसायचो.
बाराशे जोड, मापं दोनच:
एक टाचेला चावणारं, दुसरं वाटेत सुटणारं.
घड्याळं काढा, चष्मे काढा,
आजी, तो गळ्यातला क्रूस आत घाला,
सिनेमात त्याला जन्मायला अजून चाळीस वर्षं आहेत.
दंडावरचे देवीचे व्रण ओर्तेन्सिया
लांबीसारख्या रंगानं बुजवायची.
तासाभरात क्वाद्रारोतले गवंडी, न्हावी,
ट्राम डेपोतून काढून टाकलेले दोघे भाऊ,
सगळे सिनेटर.
टोगा अंगावर आला की माणूस सावकाश चालू लागतो,
हे मी पाहिलंय.
सिगरेट मात्र तशीच ओढतो, मुठीत लपवून.

त्या दिवशी रोम जळायचं होतं.
गॅसच्या नळ्या, ओल्या गोणपाटाचा धूर,
कोपऱ्यात दोन खरे बंब, न जाणो म्हणून.
वान्नुच्ची कर्ण्यातून ओरडत होता:
तुमचं सगळं जळतंय! पळा!
आणि मागं बघायचं नाही, कोणीही!

नीवेसला मी पायांवरून ओळखायचो.
तिला कुठलंच माप बसत नसे,
म्हणून एक लहान जोड मी टेबलाखाली राखून ठेवायचो.
समुद्रापलीकडची बाई, झाराची.
ते गाव आता नकाशात दुसऱ्या नावानं आहे.
एकदा वादी बांधता बांधता म्हणाली,
या शेडमध्ये आम्ही दोन हिवाळे काढले,
लढाईनंतर, निर्वासित म्हणून.
घोंगड्या टांगून खोल्या केल्या होत्या,
पलीकडचा म्हातारा खोकला की आमची भिंत हलायची.
तो सेनापतीचा रथ आहे ना, तिथं आईची चूल.
छत एवढं उंच,
की सगळी ऊब वरच जाऊन बसायची.

चारशे माणसं सुटली.
आधी थोडी हसत, नेहमीसारखी, मग धूर नाकात गेल्यावर खरी.
कोंबड्या, एक गाढव, कुणाचंतरी हरवलेलं पोर.
नीवेस पळाली, डोक्यावर गाठोडं.
सात-आठ पावलं गेली
आणि वळली.
प्लायवूडच्या त्या घराशी परत आली,
दार ओढून घेतलं,
कडी चाचपली. कडी रंगवलेली होती.
तरी तिनं ती लावली,
आणि तळहातानं दार एकदा ढकलून पाहिलं,
परगावी निघताना पाहतात तसं.

कट! कट!
कोण आहे ती? आग लागलीय, बाई,
आणि तू दार लावतेस? चोर येतील म्हणून?
चारशे रोमन हसले.
मीही हसलो, हे सांगायला हवं.
ती म्हणाली, चुकलं.
भिंती पुन्हा भिजवल्या, गोणपाटं बदलली,
दुसऱ्या वेळी ती पळाली बरोबर,
तोंड उघडं, हात वर, इतरांसारखीच.
छान, म्हणाला वान्नुच्ची.

संध्याकाळी जोड परत घेताना विचारलं,
दारामागं काय होतं गं?
मला ठाऊक होतं काय होतं:
दोन टेकू, सुताराचा डबा, आणि आमचं जेवणघर.
ती टाचेवरचं रक्त कागदानं पुसत होती.
आई वळली होती, म्हणाली,
थेट बोटीच्या रांगेतून.
घराच्या भिंती तीनच उरलेल्या, वर आभाळ.
तरी कुलूप लावून आली. किल्ली माझ्याकडे आहे.

सिनेमा पुढच्या उन्हाळ्यात लागला.
रोम चाळीस सेकंदांत जळतं.
एक कोंबडी अगदी स्पष्ट दिसते.
मी आधी पोराला घेऊन गेलो, मग एकटाच,
तिकिटाचे पैसे मोजून.

आणि त्या रात्रीचा हिशेब:
अकराशे नव्व्याण्णव जोड.
लहान माप कमी.
पगारातून कापतात अशा वेळी.
मी रजिस्टर ओढलं, पेन्सिल ओली केली,
लिहिलं: आगीत गेली.